पहिला वस्तरा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारा, ब्लेड न बदलता पाजळून वापरायचा अखंड पोलादी वस्तरा. सलूनमध्ये हल्ली दिसतो तो अर्ध्या ब्लेडचा. त्याच्याबद्दल वेगळा प्रश्न खाली आहे.

पाल्हाळ नको. कोणता घेऊ तेवढे सांगा.

५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचा, गोल टोकाचा, कार्बन स्टीलचा, साध्या मुठीचा आणि दाढीयोग्य धार लावून आलेला. सोबत धार सावरायचा चामड्याचा पट्टा. यातली धारेची अट बाकी सगळ्या अटींपेक्षा जड आहे. उत्तम कंपनीचा वस्तरा बोथट आला तर पहिल्याच दिवशी गाल सोलवटतो आणि माणूस समजतो की आपल्याला जमत नाही. साधासुधा वस्तरा जाणत्या हाताने पाजळलेला असेल तर दाढी नीट होते.

नवा कोरा वस्तरा तर धारदारच असणार ना?

घोडे नेमके इथेच पेंड खाते. कारखान्यातून निघताना पात्याला धार असते, पण ती बऱ्याचदा कागद कापण्यापुरती. दाढीचा राठ केस न ओढता कापायला त्याहून बरीच बारीक धार लागते. ती दगडावर हाताने लावावी लागते आणि त्याला वेळ जातो. म्हणून विक्रेत्याला थेट विचारा: वस्तरा दगडावर पाजळून देता का, शेवटचा दगड किती ग्रिटचा (दाण्याचे माप; आकडा मोठा तितका दगड बारीक), पाजळल्यावर केसावर धार तपासता का? ‘आठ हजारावर काढून बारा हजारावर संपवतो’ असे सरळ उत्तर आले तर पुढे बोला. ‘एकदम शार्प आहे साहेब’ एवढेच आले तर पाजळण्याची सोय आपल्याला वेगळी करावी लागेल असे धरून चला.

५/८, ६/८ हे काय माप आहे?

पाठीपासून धारेपर्यंत पात्याची रुंदी, इंचाच्या आठव्या भागांत. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. पाते जितके रुंद तितके जड. रुंद पात्यावर फेस जास्त मावतो आणि ते स्वतःच्या वजनाने चालते, पण नाकाखाली शिरताना अडते. ४/८ चे अरुंद पाते वरच्या ओठावर छान फिरते, मात्र त्यावर फेस मावत नाही, सारखे पुसावे लागते. पहिल्या वस्तऱ्याला मधले माप बरे. ७/८ आणि ८/८ चे दांडगे वस्तरे फोटोत राजेशाही दिसतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीला ठेवा.

‘हॉलो’, ‘हाफ हॉलो’, ‘वेज’ यांतले काय घ्यावे?

पाते आडवे कापून पाहिले तर दोन्ही बाजू आतून किती कोरलेल्या आहेत, त्यावरून ही नावे पडली. वेज म्हणजे पाचरीसारखे भरीव पाते. पूर्ण हॉलोमध्ये दोन्ही बाजू इतक्या कोरलेल्या असतात की धारेजवळचा पत्रा कागदासारखा पातळ होतो. असे पाते गालावर फिरताना बारीक खरखर आवाज करते. हा आवाज नवशिक्याला उपयोगी पडतो. कोन बिघडला, फेस वाळला, धार मंदावली की आवाज बदलतो आणि हाताआधी कानाला कळते.

दाढी फारच राठ आणि दाट असेल तर या दोहोंच्या मधले हाफ हॉलो घ्या, ते पाते कमी लवते. भरीव पाचर मात्र पहिल्यांदा नको. ती दगडावर घासताना पोलादाचा मोठा पट्टा झिजवावा लागतो आणि पाजळणारा वैतागतो.

टोक गोल की चौकोनी?

गोल. चौकोनी टोकाने कल्ल्याची रेघ सुबक निघते, पण कानाच्या पाळीलाही तेच टोक लागते. चौकोनी टोकाचा वस्तरा आधीच घेतला असेल तर फार बारीक दगडावर टोकाचा कोपरा दोन-चार वेळा हलकेच गोल फिरवा. डोळ्याला फरक दिसणार नाही, गालाला कळेल.

कार्बन स्टील की स्टेनलेस? कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी काय करावे?

कार्बन स्टील दगडावर लवकर पाजळते, पट्ट्यावर लवकर सावरते आणि लवकर गंजते. स्टेनलेस याच्या उलट: गंजाला टिकते, पण दगडावर जास्त वेळ घेते. झ्विलिंग हेन्केल्सचे जुने ‘फ्रिओदुर’ वस्तरे स्टेनलेस असून उत्तम मानले जातात, म्हणजे स्टेनलेस हलके असते असे मुळीच नाही.

किनाऱ्यावर राहत असाल तर जून ते सप्टेंबर कार्बन स्टीलची परीक्षा असते. रात्रीतून धारेवर तपकिरी ठिपके येऊ शकतात, आणि धारेवरचा ठिपका म्हणजे तिथे पडणारा खड्डा. वापरून झाल्यावर पाते पाण्यात धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीच्या दोन बाजूंच्या मधल्या फटीत टिश्यू पेपर फिरवा आणि वस्तरा उघडाच तासभर कोरड्या खोलीत ठेवा. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा किंवा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने पात्यावर फिरवा. खोबरेल तेल हाताशी असते म्हणून लोक तेच लावतात. ते थंडीत थिजते, जुने झाले की खवट चिकट थर धरते आणि तो पट्ट्यावर उतरतो. बाथरूममध्ये वस्तरा ठेवूच नका. कपाटात, स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चामड्याच्या देखण्या म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरून ठेवते.

पावसाळ्यात एवढे सांभाळायची तयारी नसेल तर सरळ स्टेनलेस घ्या, त्यात कमीपणा नाही.

कोणत्या गावचा, कोणत्या कंपनीचा?

नवे चांगले वस्तरे आजही मुख्यतः जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणि फ्रान्समधल्या तिएरहून येतात. झोलिंगेनचे डोवो १९०६ पासूनचे. राल्फ आउस्टही तिथलेच. तिएरचे नाव तिएर-इसार. इंग्लंडचे शेफिल्ड एके काळी यात अग्रेसर होते, तिथला माल आता बहुतेक जुन्या बाजारातच भेटतो.

‘झोलिंगेन’ हा शब्द पात्यावर कोरायला जर्मनीत कायदा आहे. पहिला १९३८ चा, आताचा नियम १९९४ चा. मुख्य घडण त्या परिसरातच झालेली असावी लागते. बाहेरचे नकलाकार हा शब्द बिनदिक्कत छापतात, त्यामुळे शिक्का पाहून भाळू नका. पाचशे रुपयांना झोलिंगेनचा नवा वस्तरा येत नाही. नवा मूळ वस्तरा साधारण दीडशे युरोंच्या पुढे सुरू होतो, वर टपाल आणि सीमाशुल्क.

ऑनलाइन हजार रुपयांत डमास्कसची (लाटांसारखी) नक्षी, लाकडी मूठ, पितळी खिळे असलेला मिळतोय. घेऊ?

नको. जाणकार याला वस्तरा म्हणत नाहीत, वस्तऱ्याच्या आकाराची वस्तू म्हणतात. पोलाद मऊ असते किंवा त्याला पाणी नीट दिलेले (तापवून विझवून टणक केलेले) नसते, त्यामुळे धार लागलीच तरी एका गालापुरती. पाते पिळलेले असते, पाठ एकीकडे जाड, एकीकडे बारीक.

पाठीचे एवढे काय, असे वाटेल. वस्तरा दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून घासतात, म्हणून धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते. १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साडेचार मिलिमीटर असेल तर कोन सुमारे १६ अंश येतो, आणि तो योग्य. तीच पाठ एका टोकाला साडेचार, दुसऱ्याला सहा असेल तर एकाच पात्याला दोन कोन मिळतात. असे पाते कोणी कितीही पाजळले तरी सगळीकडे सारखे कापत नाही. नक्षीचे पैसे पाजळणाऱ्याला द्या.

सलूनवाला वापरतो तसा अर्ध्या ब्लेडचा का घेऊ नये?

जरूर घ्या, पण ‘सोपा म्हणून’ नको. हे नव्या माणसाला उलटे वाटते. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हलका असतो, ब्लेडची धार अतितीक्ष्ण असते आणि तुटलेल्या ब्लेडचे दोन कोपरे उघडे राहिले तर तेच आधी चावतात. अखंड वस्तऱ्याचे वजन हाताची छोटी चूक पोटात घालते, हा घालत नाही. सलूनमध्ये तो आला तो स्वच्छतेसाठी. रक्तातून पसरणारे आजार टाळायला दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लागते, आणि तिथे तेच बरोबर आहे.

त्याचे फायदे खरे आहेत: पट्टा नको, दगड नको, खर्च थोडा. घेतलात तर ब्लेडचे कोपरे झाकणारा घ्या. दुधारी ब्लेड कागदी वेष्टनातच लांबीत दुमडून मोडा, म्हणजे बोट कापत नाही. अर्धे ब्लेड तीन-चार दाढ्यांनंतर बदला.

जुना बाजार, चोरबाजार किंवा आजोबांच्या पेटीतला वस्तरा चालेल?

चांगला निघाला तर पैसा वसूल. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात जुने विलायती वस्तरे अधूनमधून दिसतात. हातात घेतल्यावर या क्रमाने पाहा.

पहिली तडा. पाते खिडकीच्या उजेडात तिरके धरा आणि धारेपासून वर जाणारी केसासारखी रेघ आहे का शोधा. असेल तर वस्तरा परत ठेवा, त्यावर उपाय नाही. मग धारेचा आकार. ती सरळ किंवा किंचित बाहेर फुगीर चालते, मध्ये आत गेलेली असेल तर पैसे टाकू नका. नंतर पाठ. घासून सपाट झालेला चकचकीत पट्टा दोन्ही बाजूंना सारखा आणि अरुंद हवा. तो रुंद दिसला तर कोणीतरी वर्षानुवर्षे दाबून घासले आहे. पाते सपाट काचेवर ठेवून दोन्ही टोकांना बोटाने हलकेच दाबा, डुगडुगले तर पिळलेले आहे. गंज पाठीवर किंवा मुठीजवळ असेल तर हरकत नाही, धारेपासून दोन-तीन मिलिमीटरांत काळे खड्डे असतील तर नको.

मूठही बघा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजायला लागल्या की आम्ल वाफ सोडतात आणि पाते आतून खातात. मूठ मिटल्यावर जिथे पाते झाकले जाते नेमका तिथेच गंज असेल आणि कापरासारखा वास येत असेल तर मूठ बदलावी लागेल. हस्तिदंताची म्हणून कोणी विकत असेल तर दूर राहा, भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

घरी आणल्यावर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. उकळत्या पाण्यात टाकू नका, मूठ वेडीवाकडी होते.

धार आहे की नाही हे घरी कसे कळेल?

टॉर्चच्या उजेडात धार वर करून सरळ तिच्यावर पाहा. चांगली धार उजेड परत फेकत नाही, ती दिसतच नाही. पांढरे ठिपके किंवा रेघ चमकली तर तिथे धार बोथट किंवा तुटकी आहे. मग बाजूने पाहा: धारेला लागून अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीची चकाकती पट्टी टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत सारखी चाललेली हवी. शेवटी हातावरचे केस. पाते कातडीपासून तीन-चार मिलिमीटर वर धरून फिरवा, केस मध्येच तुटून पडले पाहिजेत. नखावर धार घासून पाहायची जुनी सवय सोडा, तयार धार त्याने बिघडते.

पट्टा हवाच का?

हवाच, आणि वस्तऱ्याबरोबरच घ्या. दाढी करताना धारेचा सूक्ष्म काठ वाकतो, पट्टा तो सरळ करतो. दगड पोलाद झिजवतो, साधा पट्टा जवळजवळ झिजवत नाही. दोन्ही कामे वेगळी.

टांगायचा, तीन इंच रुंद, सुमारे दीड फूट लांब, एका बाजूला चामडे आणि दुसरीला कापड असा पट्टा घ्या. पहिला स्वस्तातला असू द्या, कारण नवा माणूस पट्टा कापतोच. दाढीआधी कापडावर २० ते ३० आणि चामड्यावर ४० ते ६० फेऱ्या. जाणे-येणे मिळून एक फेरी.

पट्टा एका हाताने ताणून धरा. पाते सपाट टेकवा: पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला लागल्या पाहिजेत. पाठ पुढे, धार मागे अशा दिशेने न्या. टोकाला पोचलात की थांबा, आणि पाठ पट्ट्यावरच ठेवून पाते पाठीवर लोळवा, मग परत या. पाते हवेत उचलून किंवा धारेवरून पलटले की पट्टा कापला. वस्तऱ्याची मान (पात्यामागचा जाड दांडा) धरणाऱ्या बोटांत तो पेन्सिलीसारखा फिरला पाहिजे, मनगट वळायला नको. दाब नको, पात्याचे वजन पुरे. पट्टा सैल पडला तर धार गोल होते आणि दुसऱ्या दिवशी वस्तरा ओढायला लागतो. पहिले चार दिवस लोण्याच्या सुरीने ही पलटी घोटवा. सिनेमातल्या न्हाव्यासारखी सटासट घाई करू नका.

दगडही आत्ताच घेऊ का?

नाही. पट्टा नीट वापरलात तर पाजळून आलेली धार काही महिने चालते, दाढी किती राठ त्यावर ठरते. ती मंदावू लागली की क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेल्या वेगळ्या पट्ट्यावर दहा फेऱ्या द्या. रोजच्या पट्ट्याला ही पेस्ट लावायची नाही. असे तीन-चार वेळा सावरून मग दगडाची वेळ येते.

तेव्हाही सुरुवात १२००० ग्रिटच्या बारीक पाणदगडापासून करा: पाठीसकट सपाट, पाण्याने ओला, बिनदाबाने १५-२० फेऱ्या, आणि इथे पट्ट्याच्या उलट, धार पुढे. १००० चा दगड धारेचा कोन नव्याने पाडायला असतो, त्याने नवा माणूस दहा मिनिटांत वस्तऱ्याची वर्षे कमी करतो. दगड स्वतः सपाट नसेल तर सगळेच फुकट, म्हणून तो अधूनमधून काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा.

कोपऱ्यावर सायकलवर धार लावणारा येतो, त्याला दिला तर?

विळी-सुरीसाठी तो उत्तम. वस्तरा देऊ नका. फिरत्या चाकाने पातळ धार तापून निळी पडते, पोलादाचे पाणी उतरते आणि ते मऊ होते. एकदा निळे पडलेले पाते परत धार धरत नाही.

पहिली दाढी कशी करू?

सुट्टीच्या दिवशी, आंघोळीनंतर. दाढी गरम पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजली पाहिजे. बिनपाण्याने हजामत करतात ती दुसऱ्यांची. ब्रशने साबणाचा फेस दह्याइतका दाट करा. डब्यातला फोम चालत नाही, त्यात ओलावा कमी असतो.

धरणे असे: पहिली तीन बोटे पात्यामागच्या जाड मानेवर, अंगठा खालून, करंगळी मानेमागच्या वळलेल्या शेपटीत, मूठ वरच्या दिशेला उघडलेली. पाते आधी कातडीवर सपाट टेकवा, मग पाठ थोडी उचला. पाठ आणि गाल यांत पाठीच्या जाडीइतके किंवा किंचित जास्त अंतर राहिले की कोन २५ ते ३० अंशांचा होतो. याहून उभा धरलात तर खरवडते, याहून आडवा धरलात तर केस ओढते. दुसऱ्या हाताने कातडी वर ताणा. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, केस उगवतात त्या दिशेने, एकेक इंचाचे छोटे फटकारे.

एक गोष्ट कधीही नाही: पाते धारेच्या लांबीच्या दिशेने सरकवणे. सुरीने टोमॅटो कापतो तशी ती हालचाल होते आणि कातडी तशीच कापली जाते.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन्ही गाल, बाकी नेहमीच्या रेझरने. दुसऱ्यात जबडा आणि मानेचा वरचा भाग. वरचा ओठ त्यानंतर, हनुवटी सगळ्यात शेवटी, कारण तिथे केस चहूकडे फिरतात आणि हाड वर येते. उलट्या दिशेने दाढी महिनाभर तरी नको. डाव्या गालाला डावा हात वापरायला सुरुवातीपासून शिका. दोन आठवडे अवघड जाते, पण नाकावरून हात वळवून आरसा झाकण्यापेक्षा सोपे.

ओढतोय, जळजळतेय, कापतेय. काय चुकते?

पहिल्या फटकाऱ्यापासून ओढत असेल तर धारच नाही. अर्ध्या दाढीनंतर ओढायला लागला तर फेस वाळला आहे, पुन्हा लावा. कालपर्यंत ठीक होता आणि आज ओढतोय तर काल पट्ट्यावर धार गोल झाली. जळजळ बहुतेक वेळा दाबामुळे, किंवा फेस नसलेल्या जागेवर पुन्हा फिरवल्यामुळे. टोकाशीच कापत असेल तर कोपऱ्यावर नजर नाही, टोक कातडीपासून किंचित उचलून फिरवा.

छोट्या कापाला ओली तुरटी धरून अर्धा मिनिट थांबा. मुरुमे असतील, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा जखमेचा वण उंचवटा धरत असेल तर वस्तरा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

डावखुऱ्यांसाठी वेगळा असतो का?

नाही, दोन्ही बाजू सारख्याच. अपवाद कामिसोरी या जपानी वस्तऱ्याचा: तिच्या दोन बाजू वेगळ्या कोरलेल्या असतात. तिची धरण आणि पाजळणे दोन्ही निराळी, म्हणून पहिल्या खरेदीत ती नकोच.

एकच वस्तरा बाप-लेकांनी वापरला तर?

नाही. पट्टा सामाईक चालेल, वस्तरा नाही.

विमानात नेता येतो?

हातातल्या बॅगेत नाही. सामानात टाकायच्या बॅगेत, डब्यात बंद करून.

वस्तऱ्याचे सर्वाधिक नुकसान कशाने होते?

नळाने. फेस धुताना पाते स्टीलच्या तोटीला टेकते, ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि धारेचा दाणा उडतो. तो काढायला दगडावर तासभर जातो. धारेच्या जवळ तोटी नको: मगमध्ये पाणी घ्या किंवा फेस ओल्या टॉवेलवर पुसा. बेसिनमध्ये एक जाड रुमाल अंथरून ठेवा. आणि वस्तरा हातातून निसटलाच, तर झेलायला जाऊ नका. हात मागे, पाय मागे, पडू द्या.